पाण्याला प्रभागाची हद्द कळत नाही

वसई-विरारच्या पाण्याचं प्रदूषण म्हटलं की आपण सगळे खाडीच्या तोंडाशी जातो. काळा नाला, फेस, वास. आमचं म्हणणं असं, की टीका करायचीच तर ती तुंगारेश्वरच्या पायथ्याशी उभं राहून करावी. पाणी तिथून निघतं.

आता उतार बघा. डोंगरावरचं पाणी वालीव-गोखिवऱ्याकडच्या औद्योगिक गाळ्यांमधून, चाळींमधून, रेल्वेच्या भरावाखालच्या मोऱ्यांतून सखल भागात येतं आणि खाजणातून खाडीत जातं. वाटेत भेटेल ते उचलतं. खोदलेल्या टेकाडांची माती, गाळ्यांतलं तेल, चाळींतलं मैलापाणी. म्हणजे खाडी घाण होते ती जमिनीच्या वापरामुळे.

या जमिनीचं नियोजन १९९० मध्ये सिडकोकडे गेलं, २००७ मध्ये विकास आराखडा मंजूर झाला, २००९ मध्ये महापालिका आली. आराखडा प्रत्येक तुकड्याला रंग देतो. पण एका तुकड्यावर पडलेलं पाणी पुढच्या तुकड्यावर काय घेऊन जाणार, हे रंगातून कळत नाही. आमचा मुख्य आक्षेप हा आहे.

यावर उत्तर मिळतं, ‘सांडपाणी प्रक्रिया केंद्रं बांधू.’ बांधायलाच हवीत. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांवर होती. माणशी १३५ लिटरचं मानक धरलं आणि त्यातलं ८० टक्के सांडपाणी मानलं, तर तेव्हाच रोजचा आकडा १३ कोटी लिटरच्या घरात जात होता. पण केंद्रात फक्त नळातून, गटारातून आणलेलं पाणी जातं. पहिल्या पावसात रस्ते-गाळे धुऊन निघालेलं पाणी त्याच्या दारात येतच नाही. ते जमिनीवरच अडवावं लागतं.

आणि अडवायची सोय इथे होती. वाड्यांमधली बावखलं! केळी-फुलांच्या बागांना पाणी देणारी ही तळी पावसाचं पाणी धरायची, गाळ खाली बसू द्यायची, विहिरींना पाझर द्यायची. त्यातली कित्येक आपण बुजवली. मग जुलै २०१८ मध्ये शहर तुंबलं, नीरी आणि आयआयटी मुंबईकडून अभ्यास झाला, आणि चर्चा सुरू झाली मोठ्या धारण तलावांची. तलाव जरूर करा. पण वरून मैलापाणी येत राहिलं, तर ते धारण तलाव राहणार नाहीत, मैल्याच्या टाक्या होतील.

हरित वसईच्या चळवळीने हिरवा पट्टा वाचवण्याचा प्रश्न ऐरणीवर आणला, हे तिचं मोठं काम. पुढचा प्रश्न पैशाचा आहे. बावखल बहुधा खासगी वाडीत असतं. ते राखल्याचा फायदा सगळ्या गावाला, बुजवल्याचा फायदा एकट्या मालकाला. नुसत्या आवाहनाने हे गणित बदलत नाही. न्यूयॉर्क शहराने १९९७ च्या करारानंतर कॅट्स्किल डोंगरातल्या शेतकऱ्यांना आणि गावांना पाणी स्वच्छ राखण्यासाठी पैसा दिला, कारण गाळण प्रकल्प त्याहून महाग पडला असता. आपल्याकडे बावखल राखणाऱ्याला घरपट्टीत सूट देण्यापासून तरी सुरुवात करता येईल.

म्हणून नवा आराखडा समोर आला की आपण हरकत घेताना आधी एवढंच विचारू या: यात ओढ्यांचे काठ कुठे आहेत, बावखलांची नोंद कुठे आहे, आणि डोंगरउतारावरच्या खोदकामाची माती पावसाआधी कोण अडवणार?