खालच्या कवळीचे जोड : तुलनेच्या कसोट्यांचे परीक्षण

वरच्या कवळीस टाळूचा विस्तीर्ण आधार लाभतो. खालच्या कवळीच्या वाट्यास मात्र नालेच्या आकाराची, वर्षागणिक झिजणारी हिरडी आणि मधोमध सतत हालणारी जीभ येते. १९६५ साली गोथेनबर्ग येथे ब्रोनेमार्क यांनी रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे रोपण बसविले, आणि या अडचणीवर उपाय सापडला. २००२ साली मॅकगिल विद्यापीठातील तज्ज्ञांच्या परिषदेने दंतहीन खालच्या जबड्यासाठी दोन रोपणांवरील कवळीस प्रथम पसंती दिली.

ही कवळी रोपणांस जोडण्याचे मुख्य प्रकार चार. गोलक आणि लोकेटर हे टिचबटणासारखे दाबून बसतात. दांडी दोन रोपणे सांधते व कवळीतील चाप तिला धरतो. चौथा प्रकार चुंबकाचा. प्रयोगशाळेत यांची पकड बहुधा कवळी वर ओढून न्यूटनमध्ये मोजतात. हे मोजमाप उपयुक्त असले, तरी अपुरे आहे. मुखात कवळी केवळ वर ओढली जात नाही. एका बाजूने चावले असता ती दुसरीकडे उचलली जाते, बोलताना जीभ तिला ढकलते. ‘स’ उच्चारताना खालचे दात वरच्यांच्या अगदी निकट येतात. ‘चमचा’ आणि ‘चार’ यांतील च-काराचा भेदही अशाच सूक्ष्म हालचालींवर अवलंबून असतो. म्हणून उच्चाराची स्पष्टता ही स्वतंत्र कसोटी मानली पाहिजे.

दुसरी कसोटी निगेची. लोकेटरमधील नायलॉनचा तुकडा झिजतो व बदलावा लागतो. दांडीस उंचीची जागा लागते आणि तिच्याखाली नित्य सफाई करावी लागते. चुंबकाची पकड कमी. परंतु थरथरत्या हातांना तो सोयीचा. खेळणा-पूर्णेच्या संगमावरील जाफराबादच्या वृद्धास शासकीय दंत महाविद्यालय छत्रपती संभाजीनगरास गाठावे लागते. एका तुकड्यासाठी वारंवार एवढा प्रवास करावा लागणार असेल, तर पकडीचा आकडा कितीही मोठा असो, कवळी अखेर डबीतच राहील.

२०१८ च्या कॉक्रेन आढाव्यासही कोणताही एक जोड श्रेष्ठ ठरविण्यास पुरावा अपुरा वाटला. तेव्हा ‘सर्वोत्तम जोड कोणता’ हा प्रश्नच सदोष होय. कोणाच्या मुखात, कोणाच्या हातांनी आणि कोणत्या गावी, हे विचारल्यावाचून तुलना पूर्ण होत नाही.