‘म्हणे’ आणि ‘सिद्ध झाले’

आरोग्यविषयक संशोधन सामान्य वाचकापर्यंत पोहोचते ते संशोधकाच्या भाषेत नव्हे, तर मधल्या कोणीतरी केलेल्या विधानांच्या रूपाने. या विधानांची भाषिक परीक्षा मराठीत क्वचितच होते. मुंबईच्या उपनगरांतील दोन उदाहरणे या दृष्टीने उद्बोधक आहेत.

पहिले उदाहरण अंधेरीचे. मार्च १९९५ मध्ये डॉ. मदन कटारिया यांनी तेथील एका उद्यानात अवघ्या पाच जणांचा हास्यक्लब सुरू केला. त्यामागे अमेरिकन संपादक नॉर्मन कझिन्स यांच्या लेखनाची प्रेरणा होती. कझिन्स यांनी १९७६ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात स्वतःच्या दुखण्याची हकीकत लिहिली होती. दहा मिनिटे मनमुराद हसल्यावर दोन तास वेदनारहित झोप लागे, असा त्यांचा अनुभव. परंतु त्याच काळात ते क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्राही घेत होते. गुण हसण्याचा, जीवनसत्त्वाचा की निव्वळ काळाचा, हे एका रुग्णाच्या अनुभवावरून ठरत नाही. हास्यक्लब मात्र देशोदेशी पसरले, आणि त्यांच्याबरोबर ‘हसल्याने रोग बरे होतात, हे सिद्ध झाले आहे’ या धर्तीची विधानेही.

दुसरे उदाहरण देवनारचे. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या व आता आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने ‘लासी’ ही वार्धक्याची देशव्यापी पाहणी हाती घेतली. तिच्या पहिल्या फेरीचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तीत ४५ वर्षांवरील व्यक्ती व त्यांचे जोडीदार मिळून ७२,००० हून अधिक माणसांची माहिती आहे. त्याच माणसांना काही वर्षांच्या अंतराने पुन्हा पुन्हा भेटावयाचे, ही या पाहणीची योजना. तिचे मर्म ‘पुन्हा’ या शब्दात आहे. एका फेरीत पन्नाशीचा व पंचाहत्तरीचा माणूस यांच्यात फरक दिसला, तरी तो वयाचाच असेल असे नाही. दोघांचे बालपण, शाळा आणि आहार निरनिराळ्या काळातील असतात.

येथे व्याकरणाचा प्रश्न उद्भवतो. ‘त्या वयाच्या माणसांत विस्मरण अधिक आढळले’ हे निरीक्षण होय; ‘वयामुळे विस्मरण होते’ हा कार्यकारणाचा दावा होय. ‘आढळले’च्या जागी ‘होते’ आणि ‘माणसांत’च्या जागी ‘मुळे’ आले, की पाहणीने न सांगितलेली गोष्ट वाचकाच्या पदरी पडते. लोकांसाठी लिहावयाचे म्हणजे सोपे लिहावे, असा बचाव केला जातो. परंतु ‘आढळले’ हा शब्द ‘सिद्ध झाले’ याहून कठीण नाही.

किंबहुना मराठी बोलीला हा विवेक सहज अवगत आहे. बाकावर बसलेली आजी ‘हसल्यानं गुडघे दुखायचे थांबतात म्हणे’ असे सांगते. त्या ‘म्हणे’ने ती स्पष्ट करते की हे ज्ञान ऐकीव आहे आणि त्याची जबाबदारी तिची नाही. तेच वाक्य छापले जाते तेव्हा ‘म्हणे’ गळते आणि ‘संशोधनाने सिद्ध झाले’ हे शब्द त्याची जागा घेतात. ऐकीव गोष्टीला अशा रीतीने प्रमाणपत्र मिळते. ‘म्हणे’मध्ये थट्टेची छटा असल्याने शास्त्रीय लेखनात तो चालणार नाही हे खरे, परंतु ‘आढळते’, ‘संभवते’, ‘असावे’ ही रूपे भाषेत आहेतच.

ही केवळ शब्दांची चिकित्सा नव्हे. ‘सिद्ध झाले’ यावर विसंबून कोणी चालू औषध सोडले, तर त्याचे मोल त्याच आजीला द्यावे लागते. उलट, पहाटे चार माणसांत मिसळून हसणे हे सुखाचे आहे, आणि त्या सुखाला कोणत्याही सिद्धतेची गरज नाही. त्याला औषध म्हटले की मात्र औषधाची कसोटी लावावी लागते. हा भेद राखणे हे आरोग्यावर मराठीत लिहिणाऱ्याचे पहिले कर्तव्य होय.