डाउटी यांचे मदाइन सालिह येथील ठसे

चार्ल्स डाउटी यांचा ‘ट्रॅव्हल्स इन अरेबिया डेझर्टा’ हा द्विखंडात्मक ग्रंथ १८८८ सालीं प्रसिद्ध झाला. त्याची आजवर झालेली स्तुति बहुतेक भाषाशैलीबद्दलची आहे. १९२१ च्या आवृत्तीस टी. ई. लॉरेन्स यांची प्रस्तावना लाभल्यापासून तर तो केवळ वाङ्मयाचा विषय होऊन बसला. आमच्या मतें संशोधकानें तो निराळ्या कारणासाठीं उघडावा.

डाउटी १८७६ च्या अखेरीस दमास्कसहून हाजच्या काफिल्याबरोबर उत्तर अरबस्तानांतील मदाइन सालिह, म्हणजे प्राचीन हेग्रा, येथें पोंचले. वाळवंटांतील सुट्या सुट्या खडकांत तेथें शंभराहून अधिक लेणीं कोरलेलीं आहेत. तीं नष्ट झालेल्या थमूद लोकांचीं घरें होत, अशी लोकसमजूत. डाउटींनीं आंत हाडें व कफनाचीं चिरगुटें पाहिलीं आणि हीं थडगीं होत असें ठरविलें. दारांवरील नबाती लिपि त्यांस वाचतां येत नव्हती. म्हणूनच त्यांनीं ओल्या कागदाचे ठसे घेतले, याचें मोल फार आहे. अपरिचित लिपीची हातनक्कल करणाऱ्यास नसलेलीं अक्षरें दिसूं लागतात. कागदास तशी खोड नाहीं. ते ठसे पॅरिसच्या अकादमीनें १८८४ सालीं रनाँ यांच्या वाचनासह छापले.

आणि निघालें काय? तर चक्क दस्तऐवज! थडग्याच्या धन्याचें नांव, वारसांचा हक्क, कित्येकांत नबाती राजा हारिताथ याचें राज्यवर्ष, विक्री वा गहाण ठेवण्यास मनाई, मोडणारावर दुशरा देवाचा शाप, शिवाय देवास व राजास द्यावयाचा दंड. ताम्रपटांतील शापवचनें वाचलेल्या आमच्या वाचकांस हें परकें वाटणार नाहीं. तेथील एका लेखांत तर याची नक्कल कैशाच्या देवालयांत ठेविली आहे असें नमूद आहे. देवालयांतलें दप्तर गेलें, दगड राहिला.

ग्रंथाचा दोष असा कीं, स्थळवर्णन कथनांत विखुरलेलें व रनाँचें भाषांतर परिशिष्टांत. दोहोंची सांगड वाचकानेंच घालावयाची. त्यांत बुद्ध्या जुनाट केलेली इंग्रजी. यासाठीं ऑयटिंग यांचें १८८५ चें लेखसंपादन, तसेंच झोसाँ व साविन्याक या पाद्रीद्वयाचे १९०९ पासूनचे खंड हाताशीं असावेत. हें स्थळ २००८ सालीं जागतिक वारशांत गणलें गेलें. पण वाळूचा दगड झिजतो. तेव्हां तेथें जाणारानें १८८४ चीं चित्रपत्रें आधीं पाहावीं, आणि मग दारावरील पाटी.