वर्षातून दोन वेळा प्रवेश : एका धोरणाची चिकित्सा

विद्यापीठ अनुदान आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष एम. जगदीश कुमार यांनी जून २०२४ मध्ये, शैक्षणिक वर्ष २०२४-२५ पासून उच्च शिक्षण संस्थांना जुलै-ऑगस्ट आणि जानेवारी-फेब्रुवारी असे वर्षातून दोन वेळा प्रवेश देता येतील, असे जाहीर केले. परीक्षा मंडळाच्या निकालास झालेला विलंब, आजारपण अथवा वैयक्तिक अडचण यांमुळे ज्यांचा प्रवेश हुकतो त्यांचे वर्ष वाया जाऊ नये, हा त्यामागील एक प्रमुख हेतू. हेतूविषयी दुमत असण्याचे कारण नाही. चिकित्सा व्हावयास हवी ती त्याच्या समर्थनार्थ मांडलेल्या युक्तिवादाची.

आयोगाने पुरावा दिला तो दूरस्थ व ऑनलाइन शिक्षणाचा. जुलै २०२२ मध्ये या माध्यमांत १९,७३,०५६ विद्यार्थ्यांची नोंदणी झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये तीत आणखी ४,२८,८५४ विद्यार्थ्यांची भर पडली. आकडे बोलके आहेत खरे. पण ते निराळ्याच गोष्टीविषयी बोलतात. दूरस्थ शिक्षणातील विद्यार्थी स्वयंअध्ययन साहित्याच्या आधारे घरी शिकतो. त्याला रोजचा वर्ग लागत नाही, वेळापत्रक लागत नाही, वसतिगृहातील खाट लागत नाही. इग्नूसारख्या मुक्त विद्यापीठात जुलै आणि जानेवारी अशी दोन प्रवेशसत्रे चालू शकतात ती यामुळेच. जानेवारीत आलेला विद्यार्थी कोणत्या वर्गात बसणार, हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही.

आपल्याकडे मात्र तोच पहिला प्रश्न आहे. जानेवारीत महाविद्यालयांत दुसरे सत्र चालू असते. नवागतास त्यात बसवावे, तर पहिल्या सत्राचा पाया नसताना त्याने गणिताची वा अर्थशास्त्राची दुसरी अभ्यासपत्रिका कशी पेलावी? त्याच्यासाठी पहिल्या सत्राची स्वतंत्र तुकडी काढावी, तर सम आणि विषम अशी दोन्ही सत्रे एकाच वेळी चालवावी लागतात आणि कार्यभार जवळजवळ दुप्पट होतो. महाराष्ट्रात अनुदानित महाविद्यालयांतील पदे वर्षानुवर्षे रिक्त राहतात आणि तासिका तत्त्वावरील अध्यापकांच्या खांद्यावर सत्रे रेटली जातात, हे या नियतकालिकाच्या वाचकांस सांगावयास नको. आयोगाने सक्ती केलेली नाही. ज्यांच्याकडे अध्यापक व पायाभूत सुविधा आहेत त्यांनीच हा मार्ग स्वीकारावा, असे म्हटले आहे. म्हणजे दुसरे दार उघडणार ते प्रामुख्याने साधनसंपन्न संस्थांत. तालुक्याच्या गावी वर्ष गमावलेल्या विद्यार्थ्यास त्याचा उपयोग काय?

परदेशी विद्यापीठांचा दाखलाही देण्यात आला. तो मात्र नीट वाचला पाहिजे. अमेरिकेत व्हरमाँट राज्यातील मिडलबरी महाविद्यालयात दरवर्षी सुमारे १०० विद्यार्थी सप्टेंबरऐवजी फेब्रुवारीत दाखल होतात. त्यांना ‘फेब’ या लाडक्या नावाने ओळखले जाते. त्यांचा परिचयवर्ग स्वतंत्र, आणि चार वर्षांनंतरचा निरोपसमारंभही फेब्रुवारीतच. झगे घालून हे पदवीधर बर्फाच्या उतारावरून घसरत खाली येतात! या व्यवस्थेमागे संस्थेची सोय आहेच. परदेशी शिकावयास गेलेल्यांच्या जागा त्यामुळे भरतात. तथापि, महत्त्वाची बाब वेगळीच आहे. फेब्रुवारीत यावयाचे आहे हे विद्यार्थ्यास कित्येक महिने आधी कळलेले असते. त्याची जागा निश्चित असते. मधला काळ तो नोकरीत, प्रवासात वा सेवाकार्यात घालवतो. त्याचा प्रवेश हुकलेला नसतो, पुढे ठेवलेला असतो. आयोगाच्या युक्तिवादात हा भेद कोठेच दिसत नाही.

आपल्याकडे जानेवारीच्या प्रवेशाचे खरे हक्कदार कोण, याचा विचार केल्यास पुरवणी परीक्षा देणारे विद्यार्थी प्रथम आठवतात. एके काळी ‘ऑक्टोबरची वारी’ हा थट्टेचा विषय होता. आता बारावीची पुरवणी परीक्षा जून-जुलैच्या सुमारास होते आणि निकाल जुलैअखेर वा ऑगस्टमध्ये लागतो. तोवर महाविद्यालयांतील बहुतेक प्रवेश उरकलेले असतात. या विद्यार्थ्यांस ऑगस्टमध्येच जानेवारीची जागा लेखी देता आली, तर मधल्या पाच महिन्यांस काही अर्थ येईल. नुसते ‘जानेवारीत येऊन पाहा’ असे सांगितल्यास मुलगा एखाद्या दुकानात कामाला लागतो, मुलीसाठी स्थळे पाहिली जातात आणि जानेवारी उजाडेपर्यंत अर्ज करणारे कोणी उरत नाही. बीड परिसरातील ऊसतोड कामगारांच्या कुटुंबांचा विचार केला, तर जानेवारी हा गळीत हंगामाचा ऐन भर; पालक दूरच्या कारखान्यावर असताना दाखले आणि शुल्क यांची जुळवाजुळव कोणी करावी?

शिष्यवृत्ती व शुल्कमाफीचे अर्ज, वसतिगृहाच्या याद्या आणि विद्यापीठाची पात्रता-नोंदणी ही सारी यंत्रणा जूनपासून सुरू होणाऱ्या वर्षाभोवती बांधलेली आहे. ती न हलवता केवळ प्रवेशाची तारीख वाढवली, तर जानेवारीत येणारा विद्यार्थी हजेरीपटावर दिसेल. शिष्यवृत्तीच्या यादीत तो दिसेलच याची हमी आजच्या व्यवस्थेत कोणासही देता येणार नाही.