रेषा, जलरंग आणि दुःखदर्शन : तीन समकालीन चित्रकारांचा तौलनिक विचार

मज्झिम निकायातील ककचूपम सुत्तात भगवंतांनी एक दृष्टान्त योजिला आहे. एक मनुष्य लाख, हळद, नीळ आणि मंजिष्ठ हे रंग घेऊन येतो व आपण आकाशावर चित्रे काढणार असे म्हणतो. त्यास ते साधेल काय, असे भगवंत भिक्खूंना विचारतात. आकाश अरूप आहे, त्यावर चित्र उमटणार नाही, त्या मनुष्याच्या वाट्याला केवळ श्रम येतील, असे भिक्खू उत्तर देतात. मैत्रीने भरलेल्या चित्तावर दुसऱ्याच्या कठोर वाणीचा ओरखडा उमटू नये, हा त्या दृष्टान्ताचा आशय होय. संयुत्त निकायातील खन्धसंयुत्तात 'चरण' नामक चित्राचा उल्लेख येतो. ते चित्र चित्तानेच कल्पिलेले असते आणि चित्त हे त्या चित्राहूनही अधिक विविध असते, असे तेथे प्रतिपादिले आहे. चित्रकला हा विषय पालि वाङ्मयाच्या अभ्यासकास परका वाटण्याचे कारण नाही, हे सुचविण्यासाठीच आम्ही या दोन स्थळांचा प्रारंभी निर्देश करीत आहोत.

प्रस्तुत लेखात आम्ही तीन समकालीन चित्रकारांच्या प्रत्येकी एका पुस्तकाचा विचार करणार आहोत. इंग्लंडचे क्वेंटिन ब्लेक, कॅनडाचे सिडनी स्मिथ आणि अमेरिकेचे जॉन जे. मूथ हे ते तीन चित्रकार. तिघांचीही साधने तीच : काळी शाई आणि जलरंग. तिघांचाही वाचक मुख्यतः बालक. यांपैकी केवळ मूथ यांच्याच पुस्तकाच्या मुखपृष्ठावर बौद्ध परंपरेचे नाव आहे. आमच्या विहारांत व घराघरांत मुलांसाठी धम्मविषयक सचित्र पुस्तकांची मागणी सतत असते आणि 'बौद्ध' असे नाव दिसताच पुस्तक स्वीकारण्याची आपली प्रवृत्ती असते. म्हणून ही तुलना आम्हांस अगत्याची वाटते. चित्रातील धम्म नावावरून ओळखावा की रेषेवरून, हा आमच्यापुढील प्रश्न आहे.

साधनांचे स्वरूप

शाईची रेषा आणि जलरंग यांचे स्वभाव परस्परविरुद्ध आहेत. रेषा वस्तूला सीमा घालते : हा मनुष्य, ही भिंत, हा पक्षी. पाण्यात कालवलेला रंग मात्र सीमा मानीत नाही. तो कागदावर पसरतो, ओल्या जागी दुसऱ्या रंगात मिसळतो आणि वाळताना कडेला साचतो. तैलरंगात चूक झाल्यास वरून दुसरा थर देता येतो. पारदर्शक जलरंगात ती सोय फारशी नाही. पांढरा रंग हवा असल्यास तेवढा कागद कोरा सोडावा लागतो. म्हणजे या पद्धतीत चित्रकाराने काय रंगविले याइतकेच त्याने काय रंगविले नाही यालाही महत्त्व असते. रेषेची सीमा आणि पाण्याचा प्रसर यांचा मेळ चित्रकार कसा घालतो, यावरून त्याची जीवनदृष्टी कळून येते.

क्वेंटिन ब्लेक : तुटक रेषेतील शोक

ब्लेक यांचा जन्म 1932 सालचा. रोआल्ड डाल यांच्या बालपुस्तकांतील चित्रांमुळे ते जगभर परिचित झाले. 2002 साली त्यांना हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार मिळाला. त्यांची कार्यपद्धती लक्षात घेण्यासारखी आहे. ते प्रथम कच्चे रेखाटन करतात, ते खालून उजेड असलेल्या काचेच्या पेटीवर ठेवतात व त्यावर जलरंगाचा जाड कागद पसरतात. खालचे रेखाटन अंधुक दिसत असते, पण ते गिरवीत नाहीत. त्याच्या आधाराने टाक व जलरोधक शाई घेऊन रेषा नव्याने काढतात. म्हणून त्यांची रेषा खरखरीत, तुटक, क्षणापूर्वी काढल्यासारखी दिसते. रंगही रेषेच्या आत कोंडलेला नसतो. तो कधी बाहेर ओघळतो, कधी रेषेपर्यंत पोहोचतच नाही.

या पद्धतीचे सर्वांत गंभीर फळ म्हणजे 2004 साली प्रसिद्ध झालेले 'मायकेल रोझेन्स सॅड बुक'. कवी मायकेल रोझेन यांचा मुलगा एडी 1999 साली वयाच्या अठराव्या वर्षी मेंदूज्वराने वारला. त्या शोकाविषयी रोझेन यांनी लिहिले आणि ब्लेक यांनी चित्रे काढली. पहिल्याच चित्रात एक मनुष्य तोंडभर हसतो आहे. शेजारचा मजकूर सांगतो की, हा दुःखी आहे आणि सुखी असल्याचा बहाणा करतो आहे. बालकाला एकाच पानावर चेहरा आणि चित्त यांतील अंतर समजावून देणारे असे दुसरे उदाहरण आमच्या पाहण्यात नाही. पुढे जेथे आठवण आहे तेथे रंग येतो, जेथे शोक आहे तेथे करडा रंग पानभर पसरतो आणि मनुष्याची आकृती त्यात जेमतेम उभी राहते. रेषा येथे थरथरते, परंतु मोडत नाही. शेवटी वाढदिवसाच्या मेणबत्त्यांच्या प्रसन्न, गजबजलेल्या चित्रानंतर एकट्या मेणबत्तीसमोर बसलेला तो मनुष्य दिसतो. त्या पानावर शब्द नाहीत.

या पुस्तकात बुद्धाचे नाव नाही. तथापि ते वाचताना किसा गोतमीचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. मेलेल्या बालकासाठी औषध मागत फिरणाऱ्या त्या मातेला भगवंतांनी, जेथे कोणी मेले नाही अशा घरची मोहरी आणावयास सांगितले, ही कथा अट्ठकथेत येते. भगवंतांनी तिला उपदेशाने गप्प केले नाही, दारोदार पाठविले. आपले दुःख आपले एकटीचे नाही हे तिने स्वतः पाहावे, अशी ती योजना होती. दुःख कोणालाही, कोठेही गाठते, असेच रोझेन सांगतात आणि ब्लेक तेच निरनिराळ्या माणसांच्या आकृत्यांतून दाखवितात.

येथे एक आक्षेप संभवतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1957 साली प्रकाशित झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत चार आर्यसत्यांविषयी शंका उपस्थित केली आहे. जीवन, मृत्यू व पुनर्जन्म सर्वच दुःख मानले तर मनुष्याला आशाच उरत नाही, असा त्यांचा मुद्दा आहे. मग केवळ शोकाने भरलेले पुस्तक आपण का गौरवावे? आमचे उत्तर असे की, हे पुस्तक शोकात थांबत नाही. दुःखी असणे म्हणजे वाईट असणे नव्हे, असे त्यातील मनुष्य स्वतःला बजावतो. रोज एखादी गोष्ट तरी अभिमान वाटावा अशी करावी, असा नेम तो करतो. निरोधाचे आश्वासन येथे नाही, पण प्रयत्न आहे आणि तो मनुष्याच्याच हातचा आहे. कोणत्याही ईश्वराला त्यात साकडे घातलेले नाही. ही भूमिका बाबासाहेबांच्या विवेचनाशी विसंगत आहे असे आम्हांस वाटत नाही.

सिडनी स्मिथ : दानाने पसरणारा रंग

स्मिथ हे पुढच्या पिढीचे चित्रकार. त्यांचा जन्म 1980 सालचा. 2024 साली त्यांना अँडरसन पुरस्कार मिळाला. 2015 साली आलेल्या 'साइडवॉक फ्लॉवर्स' या त्यांच्या पुस्तकात एकही शब्द नाही. कथासूत्र कवी जॉनआर्नो लॉसन यांचे आहे. लाल टोपडे असलेला कोट घातलेली एक मुलगी वडिलांबरोबर शहरातून घरी चालली आहे. वडील फोनवर बोलत आहेत. ती पदपथाच्या भेगांत उगवलेली फुले वेचते आणि नंतर ती एकेक करून देत जाते : मेलेल्या पक्ष्याला, बाकावर निजलेल्या माणसाला, एका कुत्र्याला, घरी पोहोचल्यावर आईला व भावंडांना.

ब्लेक यांची रेषा टाकाची आहे. स्मिथ यांची रेषा जाड, कुंचल्याच्या फटकाऱ्यासारखी आहे. इमारती, सावल्या, मोटारी हे सर्व काळ्या शाईच्या मोठ्या भागांनी उभे केले आहे. आरंभी शहर काळेपांढरे आहे. लाल कोट, फुले आणि मुलीच्या नजरेत भरलेल्या मोजक्या वस्तू एवढ्यांनाच रंग आहे. ती फुले देऊ लागते तसतसा जलरंग पानावर पसरत जातो. दान देणाऱ्याला रिक्त करीत नाही, ही गोष्ट धम्मात अनेक प्रकारे सांगितली आहे. येथे ती केवळ रंगाच्या व्यवस्थेतून कळते. फुलांची मोळी लहान होत जाते आणि जग रंगीत होत जाते.

वडिलांच्या चित्रणाकडेही आम्ही लक्ष वेधू इच्छितो. ते निष्ठुर नाहीत. ते मुलीबरोबर चालतात, तिच्यासाठी थांबतात, केवळ त्यांचे लक्ष अन्यत्र आहे. एकाच रस्त्याने जाणाऱ्या दोघांपैकी एकाला सर्व दिसते आणि दुसऱ्याला काहीच दिसत नाही. सति, म्हणजे जागृत अवधान, हा शब्द मुलांना समजावून देताना शिक्षकाला यापेक्षा सोपे साधन मिळणे कठीण.

तरीही एक उणीव नोंदविली पाहिजे. बाकावर निजलेला मनुष्य फूल मिळाल्यानंतरही बाकावरच राहतो. तो तेथे का आहे, हे पुस्तक विचारीत नाही. परंतु चित्रकार त्याच्यापाशी थांबतो आणि मुलगी त्याला मेलेल्या पक्ष्याइतके व आपल्या आईइतकेच महत्त्व देते. प्रश्न विचारलेला नाही, पण प्रश्न ज्याच्याविषयी विचारावयाचा तो मनुष्य झाकून ठेवलेला नाही.

जॉन मूथ : शांततेचे मोल

मूथ यांचे 'झेन शॉर्ट्स' 2005 साली प्रसिद्ध झाले व 2006 साली त्यास कॅल्डेकॉट सन्मान मिळाला. स्टिलवॉटर नावाचा एक मोठा पांडा तीन भावंडांच्या शेजारी राहावयास येतो आणि प्रत्येकाला एकेक कथा सांगतो. पुढे या पांड्यावर आणखी पुस्तके निघाली आणि 2020 साली चित्रमालिकाही आली.

चित्रकार म्हणून मूथ यांचे सामर्थ्य आम्ही नाकारीत नाही. भावंडांचे जग त्यांनी पूर्ण रंगांत, मृदू जलरंगांनी रंगविले आहे. पांडा ज्या कथा सांगतो त्या मात्र एकरंगी पानावर काळ्या शाईच्या कुंचल्याने काढल्या आहेत. घडणारे आणि सांगितले जाणारे यांतील भेद बालकाला शब्दावाचून कळतो. मोकळ्या जागेचा त्यांचा वापर संयमी आहे.

आमची हरकत आशयाविषयी आहे. तिसऱ्या कथेत दोन भिक्खू एका गावी येतात. पावसाने चिखल झाला आहे आणि पालखीतून उतरू पाहणारी एक गर्विष्ठ स्त्री आपल्या सेवकांवर संतापली आहे. सेवकांच्या हातांत तिचे सामान आहे, ते ठेवावयास जागा नाही, म्हणून ते तिला मदत करू शकत नाहीत. वृद्ध भिक्खू तिला उचलून पलीकडे नेतो. ती आभारही मानीत नाही. तरुण भिक्खू पुढे बराच वेळ धुमसत राहतो. तेव्हा वृद्ध सांगतो की, मी तिला केव्हाच खाली ठेवले, तूच अजून वाहतो आहेस. मनातील ओझे टाकावे, हे तात्पर्य. ते खोटे नाही, आणि ककचूपम सुत्ताशी त्याचे नातेही जोडता येईल. परंतु या कथेत खरोखरीचे ओझे कोणाच्या हातांत आहे? सेवकांच्या. कथा संपते तेव्हाही ते त्यांच्याच हातांत आहे, आणि कथाकाराला वा चित्रकाराला पुन्हा त्यांच्याकडे वळून पाहावेसे वाटत नाही. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांचे ओझे वाहिले, त्या समाजातील वाचकाची दृष्टी मात्र प्रथम त्या सेवकांकडेच जाईल.

सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून चार दृश्यांची पारंपरिक कथा बाबासाहेबांना पटली नाही. त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलीय यांच्यात झालेल्या कलहाला महत्त्व दिले. दुःखाचे मूळ केवळ मनात शोधू नये, मनुष्यामनुष्यांतील व्यवहारांतही शोधावे, हा त्यामागील विचार आहे. मूथ यांच्या पुस्तकात दुःख केवळ मनात आहे आणि म्हणून ते एका वाक्यात निवते. त्यांची रेषाही कोठे अडखळत नाही. अतिशय सुबक, समतोल अशी ती रेषा आहे. उपेक्खा ही करुणेच्या मार्गाने गाठावयाची असते. ब्रह्मविहारांत तिचे स्थान मेत्ता, करुणा आणि मुदिता यांच्यानंतरचे आहे. येथे ती आरंभीच हाती दिली आहे.

निष्कर्ष

या तुलनेचा अर्थ मूथ यांचे पुस्तक मुलांना देऊ नये असा नाही. ते द्यावे, आणि ते सामान कोण वाहत होते असे मुलांना अवश्य विचारावे. परंतु धम्मशिक्षणासाठी एकच पुस्तक निवडावयाचे झाल्यास आम्ही ब्लेक यांचे पुस्तक निवडू आणि लहान वयाच्या मुलांसाठी स्मिथ यांचे. दोघांनीही धम्माचा उच्चार केलेला नाही. पण पहिल्याने दुःख डोळे न मिटता पाहिले आहे आणि दुसऱ्याने देण्याची कृती रंगाच्या भाषेत सांगितली आहे.

आपल्या चित्रकारांना यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. मुलांसाठीच्या आपल्या धम्मपुस्तकांत बहुधा भडक रंग, घट्ट बाह्यरेषा, तेजोवलय आणि सर्वांच्या मुखावर एकच स्मित आढळते. त्यांत किसा गोतमीचा शोकही सजविलेला असतो. वस्तुतः रेषेतून शोक व्यक्त करण्याची परंपरा या भूमीत फार जुनी आहे. अजिंठ्याच्या चित्रकारांनी भिंतीवर प्रथम गेरूने रेखांकन केले, मग रंग भरले आणि शेवटी बाह्यरेषा पुन्हा काढून आकृती सिद्ध केल्या. सोळाव्या लेण्यातील 'मरणोन्मुख राजकन्या' म्हणून प्रसिद्ध असलेल्या चित्रात मानेचा कल, मिटू पाहणारे डोळे आणि भोवतालच्या स्त्रियांची चिंता ही सर्व रेषेनेच साधली आहेत. त्या चित्रकारांची साधने निराळी होती, पण दुःखाला सुशोभित न करण्याचे धैर्य तेच होते.

जलरंग व शाई ही अल्प खर्चाची साधने आहेत. एक टाक, एक कुंचला, रंगाच्या काही वड्या आणि बरा कागद एवढ्यावर काम होते. आपल्या वस्त्यांतील कोणत्याही होतकरू मुलामुलीला ती मिळविता येतील. कला महाविद्यालयांतून शिकून बाहेर पडणारे तरुणही आता आपल्यात आहेत. त्यांनी किसा गोतमी, सुनीत, पटाचारा यांच्या कथा हाती घ्याव्यात, कच्ची रेखाटने करावीत आणि ती गिरवू नयेत. रस्ते झाडणाऱ्या, निर्माल्य उचलणाऱ्या सुनीताच्या खांद्यावरील ओझे ज्या चित्रात प्रथम दिसेल, ते पुस्तक आम्ही आमच्या विहारातील मुलांच्या हाती आनंदाने देऊ.