तयार कंपायलर आणि उसना विश्वास

आज आपण ज्या मजकुराची समीक्षा करणार आहोत, तो जेमतेम एक-दोन ओळींचा आहे. नवी प्रोग्रॅमिंग भाषा शिकायला घेतली की तिच्या संकेतस्थळावर पहिल्यांदा हाच मजकूर भेटतो: ही कमांड कॉपी करा, टर्मिनलमध्ये चिकटवा, एंटर दाबा. झाला कंपायलर बसवून! समीक्षा म्हटलं की आपल्याला कादंबरी आठवते, नाटक आठवतं. पण सूचनांचं पान हाही मजकूरच आहे. तो काय सांगतो आणि काय गाळतो, हे बघायला नको का?

दोन नमुने घेऊ. पहिला रस्ट या भाषेचा. तिथं कर्ल नावाचा प्रोग्रॅम सर्व्हरवरून एक स्क्रिप्ट आणतो आणि पाइपच्या उभ्या रेघेतून ती थेट शेलच्या हातात देतो. शेल ती लगेच चालवतो. दुसरा नमुना गो या भाषेचा. लिनक्सवर एक संकुचित फाइल उतरवून घ्यायची, जुना गो असेल तर तो आधी काढून टाकायचा, नवी फाइल त्या जागी उलगडायची, पाथमध्ये तिचा पत्ता घालायचा आणि शेवटी आवृत्ती विचारून खात्री करायची. जुन्यावर नवं उलगडू नका, घोटाळा होतो, हेही तिथं बजावलेलं आहे. भाषा स्वच्छ, पायऱ्या मोजक्या. लेखन म्हणून दोन्ही पानं चांगली आहेत, हे आपण मोकळेपणानं मान्य करू.

रस्टसारख्या ओळीवर नेहमीचा आक्षेप असा, की न वाचता स्क्रिप्ट चालवणं धोक्याचं आहे. आमच्या मते हा आक्षेप अर्धाच खरा आहे. डाउनलोड मध्येच तुटलं तर अर्धवट स्क्रिप्ट चालेल, अशी भीती दाखवतात. पण रस्टच्या स्क्रिप्टमध्ये सगळं काम एका फंक्शनमध्ये ठेवून त्याला अगदी शेवटच्या ओळीत हाक मारली आहे. शेवट आलाच नाही, तर काम सुरूच होत नाही. शिवाय स्क्रिप्ट वाचून काय साधणार? ती जो कंपायलर आणते तो बायनरी आहे. तो कोण वाचणार?

मग खरी उणीव कुठं आहे? गोच्या डाउनलोड पानावर प्रत्येक फाइलसमोर एसएचए-२५६ पद्धतीचा हॅश दिलेला असतो, ६४ अक्षरांचा. आपल्याकडे उतरलेल्या फाइलचा हॅश काढून तो त्याच्याशी ताडता येतो. पण बसवण्याच्या पायऱ्यांमध्ये ही पायरी नाही. आणि ताडला, तरी त्यातून काय कळतं? वाटेत फाइल बिघडली नाही, एवढंच. फाइल आणि हॅश एकाच घरून येतात. दूधवाल्यानंच आणलेल्या यंत्रानं त्याचं दूध तपासण्यासारखं आहे हे! सर्व्हरच कुणी ताब्यात घेतला, तर तो दोन्ही बदलेल.

तरीही एवढी साधी तपासणी न केल्यानं काय होतं, याचा धडा २०१५च्या सप्टेंबरमध्ये मिळाला. आयफोनची ॲप्स ज्यानं बनवतात ते ॲपलचं एक्सकोड सुमारे ३ गिगाबाइटचं होतं. चीनमध्ये ते अधिकृत सर्व्हरवरून उतरायला फार वेळ लागे. म्हणून काही प्रोग्रॅमर मंडळींनी बायडूच्या फाइल साठवणीवर कुणीतरी ठेवलेली प्रत घेतली. त्या प्रतीत एक घातक फाइल मिसळलेली होती, आणि तिच्यातून बांधलेल्या प्रत्येक ॲपमध्ये ती आपोआप जाऊन बसायची. एक्सकोडघोस्ट हे त्या प्रकरणाचं नाव. वीचॅटची एक आवृत्तीसुद्धा त्यात सापडली. ॲप लिहिणाऱ्यांचा स्वतःचा कोड स्वच्छ होता, हे लक्षात घ्या. हत्यारच बाटलेलं होतं. नंतर आपली प्रत खरी आहे की नाही हे टर्मिनलवरून तपासण्याची एक कमांड ॲपलनं प्रसिद्ध केली.

ही गोष्ट आपल्याला परकी वाटू नये. आपल्याकडच्या कॉलेजांच्या लॅबमध्ये टर्बो सी वर्षानुवर्षं असाच फिरला: याच्या पेनड्राइव्हवरून त्याच्या संगणकावर. मूळ प्रत कुणाची, मध्ये कुणी हात लावला, हे विचारायची पद्धतच नव्हती. इंटरनेट मंद, डेटा महाग. मग जवळची प्रत हीच खरी प्रत! आळसापेक्षा अडचणीतून लागलेली ही सवय आहे, पण एक्सकोडघोस्ट नेमक्या याच सवयीवर पोसला गेला.

आता मुळाशी जाऊ. युनिक्सचे एक जनक केन थॉम्प्सन यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या निमित्तानं दिलेलं व्याख्यान १९८४मध्ये छापून आलं. त्यांनी दाखवलं, की कंपायलरमध्ये अशी खोड घालता येते की तो लॉगिनचा प्रोग्रॅम बांधताना त्यात चोरवाट ठेवेल, आणि स्वतःची नवी प्रत बांधताना तीच खोड तिच्यातही उतरवेल. मग सोर्स कोडमधून ती खोड पुसून टाका. बायनरीत ती पिढ्यान् पिढ्या राहते. सोर्स कितीही वाचा, दिसणार नाही.

बरेच लोक या व्याख्यानाचा निष्कर्ष 'मग काहीच करता येत नाही' असा काढतात. तो आपण स्वीकारू नये. डेव्हिड व्हीलर यांनी २००५मध्ये उपाय मांडला: त्याच सोर्सपासून दुसऱ्या, वेगळ्या कंपायलरच्या मदतीनं कंपायलर बांधून काढा आणि निकाल बिट-बिट जुळतो का बघा. जीएनयू ग्विक्सच्या मंडळींनी २०२३मध्ये आपली सगळी बांधणी अवघ्या ३५७ बाइटच्या बायनरी बीजापासून उभी करून दाखवली. त्याच वर्षी आलेल्या गो १.२१पासून कुणीही, कुठल्याही संगणकावर, गोची लिनक्ससाठीची फाइल सोर्समधून बांधली, तर ती अधिकृत फाइलशी तंतोतंत जुळते. इथं हॅशला खरा अर्थ येतो, कारण दूधवाल्याच्या यंत्राबरोबर शेजाऱ्याचंही यंत्र उभं राहतं.

आमची तक्रार आहे ती इथं. एवढं मोठं काम करून ठेवलेलं असताना बसवण्याच्या पायऱ्या नवशिक्याला त्याबद्दल अवाक्षर सांगत नाहीत. एक ओळ वाढवली असती: 'आता हॅश ताडून पहा, आणि का ते इथं वाचा.' त्यानं पान लांबलं नसतं, पण वाचकाला पहिल्याच दिवशी कळलं असतं की कंपायलर बसवणं म्हणजे कुणावर तरी विश्वास टाकणं आहे, आणि विश्वास तपासून टाकायचा असतो. सोपेपणा हा गुण आहेच. मात्र वाचकाला प्रश्नच पडू नये इतका सोपेपणा आला, की तो शिकवणं सोडून देतो.

तेव्हा पुढच्या वेळी कंपायलर उतरवाल, तेव्हा अधिकृत पत्ता स्वतः टाइप करा, फाइल आधी डिस्कवर ठेवा, हॅश ताडा आणि मगच उलगडा. दोन मिनिटांचं काम आहे. आपण लिहिलेला प्रत्येक प्रोग्रॅम त्या फाइलच्या हातून जाणार आहे, त्यापुढे दोन मिनिटं काहीच नाहीत.