शेवटी कळलेले नाव : ‘नथिंग बट द ट्रुथ’मधील मौनाचा अन्वयार्थ

रॉड लुरी यांचा ‘नथिंग बट द ट्रुथ’ (२००८) हा चित्रपट व्हॅलेरी प्लेम प्रकरणावरून सुचलेला आहे, हे सर्वश्रुत आहे. मात्र मूळ घटितात केलेले बदल साधर्म्यापेक्षा अधिक अर्थपूर्ण आहेत. २००३ मध्ये प्लेम यांची ओळख छापणारे स्तंभलेखक रॉबर्ट नोव्हाक तुरुंगात गेले नाहीत. त्या विषयावर एकही बातमी न लिहिलेल्या ज्युडिथ मिलर यांनी मात्र २००५ मध्ये ८५ दिवस कारावास भोगला. लुरी यांनी या दोन भूमिका रेचल आर्मस्ट्राँग या एकाच व्यक्तिरेखेत एकवटल्या, इराकच्या जागी व्हेनेझुएला आणला आणि मिलर यांचे वकील फ्लॉइड अब्राम्स यांनाच न्यायाधीशाची भूमिका दिली.

निर्णायक बदल आहे तो स्रोताचा. मिलर यांनी ज्यांचे नाव राखले ते लुइस लिबी उपराष्ट्राध्यक्ष चेनी यांचे चीफ ऑफ स्टाफ होते. म्हणजे गोपनीयतेचे कवच सत्तेलाच लाभले होते. चित्रपटात मात्र शेवटच्या दृश्यात उलगडा होतो, की गुप्तहेर एरिका व्हॅन डोरेन हिच्याविषयीचा पहिला शब्द शाळेच्या सहलीच्या बसमध्ये तिच्याच लहान मुलीच्या तोंडून नकळत निसटला होता. सरकारी वकील डुबॉय याला जे नाव हवे असते, तेच प्रेक्षकालाही हवे असते. न्यायसंस्थेला नाकारलेले हे ज्ञान चित्रपट प्रेक्षकाच्या हाती देतो आणि त्याच क्षणी रेचलच्या मौनाचे स्वरूप पालटते : व्यावसायिक तत्त्वनिष्ठेची जागा मातृसुलभ जपणूक घेते.

येथेच चित्रपटाची वैचारिक कोंडी आहे. स्रोत निष्पाप असताना त्याला जपण्याविषयी दुमत संभवत नाही. तत्त्वाची कसोटी लागते ती स्रोत अपात्र, स्वार्थी वा सत्ताधारी असताना. वास्तवाने उभा केलेला हा प्रश्न चित्रपट टाळतो. थोर व्यक्तीच्या ठायी तत्त्व आणि व्यक्ती अभिन्न असतात, हा रेचलचा वकील बर्नसाइड याचा सर्वोच्च न्यायालयातील युक्तिवादही त्यामुळे दुबळा होतो. कारण अखेरीस तत्त्वाला आधार मिळतो तो एका बालकाच्या निरागसतेचा.

तरीही या दृश्याचा दुसरा अर्थ संभवतो आणि तो अधिक अस्वस्थ करणारा आहे. बालकाच्या बोलण्यातून बातमी घडली, बातमीने आईची ओळख उघड झाली आणि त्यातून तिची हत्या ओढवली. मुलीला हे कळू नये, ही रेचलच्या मौनाची करुण बाजू होय. पण त्याच मौनाआड पत्रकाराने त्या शब्दाचा केलेला वापरही झाकला जातो. साक्षीदाराच्या शपथेत ‘सत्य’, ‘संपूर्ण सत्य’ आणि ‘सत्याखेरीज काही नाही’ असे तीन टप्पे असतात. शीर्षकाने त्यांतील केवळ तिसरा घेतला आहे. ‘संपूर्ण सत्य’ वगळले गेले आहे आणि रेचलची नैतिक अडचण नेमकी तेथेच आहे.